मागे पडणारं घड्याळ

लोकांच्या घरात भांडणं होतात ती सासर-माहेरावरून, नाहीतर भाजीत मीठ जास्त झालं म्हणून. आमच्याकडे व्हायची ती घड्याळांवरून. हे बेंगळुरूच्या सरकारी घड्याळ कारखान्यात होते, डायल विभागात. लग्न होऊन मी साताऱ्याहून इथे आले, तेव्हा लोक नव्या नवरीला लालबाग दाखवायला नेत. मला ह्यांनी कारखान्याचं फाटक दाखवायला नेलं. आत जायची परवानगी नव्हतीच. बाहेर उभं राहून, आपण आतल्या कुठल्या इमारतीत बसतो ते बोट करून सांगितलं, आणि आम्ही बसनं परत आलो.

पितळेच्या चकतीवर रंग चढतो, आकडे छापले जातात, आणि शेवटी कोणीतरी ती डायल भिंगाखाली धरून बघतं. ते कोणीतरी म्हणजे हे. रंगात धुळीचा एक कण दिसला तरी डायल बाद. उभा जन्म हेच काम केल्यावर माणसाचे डोळे घरी आल्यावर तरी कुठे गप्प बसतात? समईवरची काजळी, कुकरच्या शिट्टीतला मळ, माझ्या बांगड्यांच्या खाचा, सगळं ह्यांना दिसायचं, आणि दिसलं की जुना टूथब्रश बाहेर निघायचा. शेजारणीची वाटी परत करायची तर मी घासलेली वाटी हे पुन्हा घासत. स्कूटर दुरुस्तीला गॅरेजमध्ये द्यायची, तीसुद्धा आदल्या दिवशी धुऊन. दुसऱ्याच्या हातात मळकी वस्तू द्यायची नाही, एवढं एक तत्त्व ह्या माणसानं आयुष्यभर पाळलं. बाकीची तत्त्वं पाळायचं काम माझ्याकडे होतं.

कारखाना बंद झाल्यावर ह्यांनी जे. पी. नगरच्या आमच्या घराच्या बाल्कनीत एक टेबल मांडलं. भिंग, चिमटे, बारीक ब्रश, पॉलिशची छोटी मोटर. कारखान्यातले जुने सोबती आपापली घड्याळं घेऊन यायचे आणि कोरी करकरीत करून न्यायचे. माझी कपडे वाळत घालायची जागा गेली ती गेलीच.

अशा बापाच्या पोटी आमचा मुलगा जन्माला आला. एकुलता एक. एचएसआर लेआउटमध्ये एका नव्या कंपनीत कामाला, तिथेच भाड्यानं राहायचा आणि दर रविवारी जेवायला घरी यायचा. त्याला नाद लागला जुन्या स्विस घड्याळांचा. अशी घड्याळं लिलावात निघतात आणि जगभरातली शहाणी माणसं संगणकासमोर बसून त्यांच्यावर बोली लावतात, हे मला त्याच्यामुळे कळलं. एका रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून त्यानंही बोली लावली. आमटी निवत होती. मी दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा ओरडणार एवढ्यात तो उभा राहिला आणि मला गरकन फिरवून म्हणाला, "मिळालं."

काही आठवड्यांनी ते घड्याळ हातात घालूनच तो आला. काळी डायल, आकड्यांच्या जागी ठिपके. ते ठिपके एके काळी पांढरे असणार. आता त्यांचा रंग उतू गेलेल्या चहाच्या डागासारखा झाला होता. काचेवर ओरखडे, कडेला टवका. ह्यांनी भिंग लावून पाहिलं आणि हात पुढे केला. म्हणाले, दे इकडे, दोन दिवसांत नवं करून देतो.

त्यानं हात मागे घेतला. "बाबा, ह्याला हात लावायचा नाही. हे डाग गेले तर घड्याळच गेलं."

मग त्यानं बराच वेळ समजावून सांगितलं. लिलावात अशा घड्याळाला मान असतो तो ते कोणी बिघडवलं नाही म्हणून. मूळ रंग, मूळ काटे, वापरून पडलेले ओरखडे, सगळं जिथल्या तिथे असलं पाहिजे. नवं करायला गेलं की ते दुसऱ्या हजार घड्याळांसारखं होतं. हे ऐकत होते, पण चेहऱ्यावर कोणी आपल्याला खुळ्यात काढतंय असे भाव. शेवटी एवढंच म्हणाले, की आम्ही असल्या डायली बादच्या ट्रेमध्ये टाकायचो. मुलगा म्हणाला, तो ट्रे कुठे आहे सांगा, मी आख्खा विकत घेतो. मी हसले, हे हसले नाहीत.

त्या घड्याळाची आणखी एक खोड होती. ते रोज थोडं थोडं मागे पडायचं. मुलगा सकाळी किल्ली द्यायचा, पण काटे पुढे करायचा ते फक्त रविवारी, जेवण झाल्यावर. रविवारी यायला उशीर झाला की इथला कुठलाही माणूस सिल्क बोर्डच्या ट्रॅफिकवर ढकलून मोकळा होतो. आमचा पठ्ठ्या दारातच मनगट पुढे करायचा आणि म्हणायचा, आई, माझ्या घड्याळात अजून एक वाजलेला नाही, तुमचंच घड्याळ पुढे आहे. हे चिडायचे. मागे पडणारं घड्याळ आपल्या घरात, आपल्या नाकासमोर, आणि ते दुरुस्त करायची सोय नाही! पोरगा बापाला डिवचायला मुद्दाम उशिरा यायचा अशी माझी खात्री आहे. थंडीत अवरेकाळू, म्हणजे इथल्या पावट्याच्या शेंगा, निघाल्या की मी त्यांची गोडा मसाला घालून उसळ करायची, त्या दिवशी मात्र हा वेळेवर हजर.

त्याच्याजवळ एका वेळी एकच घड्याळ असायचं. ही घड्याळं आपल्या मालकीची नसतात, आपण काही दिवस सांभाळायची आणि पुढे द्यायची, असं त्याचं म्हणणं. त्याप्रमाणे हेही त्यानं लिलावात द्यायचं ठरवलं. मुंबईच्या एका लिलाव कंपनीचा माणूस येऊन बघून गेला, फोटो काढून गेला, कागदांवर सह्या झाल्या. लिलावाच्या महिनाभर आधी घड्याळ पाठवायचं होतं. तोवर घालून घेतो, म्हणाला.

मग त्याला ताप आला. डेंग्यू निघाला. ह्या शहरात दर वर्षी घरोघरी डेंग्यू होतो आणि माणसं पपईच्या पानांचा रस पिऊन आठवड्यात कामाला लागतात. मीही रस काढून नेला. दुसऱ्या दिवशी त्याला हॉस्पिटलात भरती करावं लागलं आणि लगेच अतिदक्षता विभागात हलवायचं ठरलं. आत नेण्याआधी नर्सनं त्याच्या मनगटावरचं घड्याळ काढलं आणि माझ्या हातात दिलं. तो म्हणाला, "आई, रोज किल्ली देत जा." मी हो म्हटलं. त्यानंतर तो माझ्याशी काही बोलला नाही. तो गेला.

त्याला घरीही आणता आलं नाही. विद्युतदाहिनीची वेळ मिळाली होती आणि रस्ते तुंबलेले होते. जमलेले सगळे म्हणाले, थेट तिकडेच नेऊ. हॉस्पिटलच्या लोकांनी त्याला गुंडाळून दिलं होतं. तिथे पोचल्यावर ह्यांनी बादलीभर पाणी मागितलं. कोणीतरी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, की आता उघडता येणार नाही. हे बरं म्हणाले आणि बाजूला जाऊन उभे राहिले.

घड्याळ माझ्याजवळ राहिलं. मी रोज सकाळी किल्ली द्यायची. काटे पुढे करायची ते त्याच्यासारखेच, रविवारी जेवणं झाल्यावर. त्यातली प्रत्येक खूण मला ठाऊक होती. पट्टा अडकतो त्या कोपऱ्यात पांढऱ्या रंगाचा थेंब होता, माझ्या बाल्कनीचं ग्रिल त्यानं रंगवलं तेव्हाचा. काचेवरचा लांब ओरखडा आमच्या ग्राइंडरचा. कडेच्या खाचेत मळ बसला होता, आणि तो मळ त्याच्या अंगाचा होता. चामड्याच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला त्याच्या घामाचा वास होता. तो मी घेत असे. कोणाला विचित्र वाटलं तर वाटो. आई होऊन बघा म्हणावं.

आणि रविवारी मी तिघांचा स्वयंपाक करत होते. वेडी झाले नव्हते, मला सगळं कळत होतं. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजायचा, पण ओट्यावर ठेवलेल्या त्या घड्याळात वाजलेला नसायचा. तेवढा वेळ मी वाढायची नाही. त्याच्या घड्याळाप्रमाणे तो अजून यायचा असे. मग त्यातही एक वाजून जायचा आणि मी पानं घ्यायची. ह्यांना मधुमेह आहे, जेवण वेळेवर लागतं. पण हे टेबलाशी बसून राहायचे, एकदाही वाढ म्हणाले नाहीत.

लिलाव कंपनीचा ईमेल त्याच्या फोनवर आला तो त्याच्या नावानं, घड्याळ आता पाठवा म्हणून. त्यांना काही माहीतच नव्हतं. सोबत लिलावाच्या पुस्तकाचं पान होतं. त्याचं घड्याळ पानभर छापलं होतं, खाली इंग्रजीत लिहिलं होतं, दुर्मीळ आणि अस्पर्शित. ह्यांनी मला ते वाचून दाखवलं आणि घड्याळ मागितलं.

मी नाही म्हटलं. नुसतं म्हटलं नाही, घड्याळ तांदळाच्या डब्यामागे दडवून ठेवलं. हे समजावत राहिले, त्यानं शब्द दिलाय, फोटो छापून आलाय, लोक वाट बघत असतील. मी म्हटलं, लोकांना सांगा की देणारा उरला नाही. बरेच दिवस आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोललो. मग एका सकाळी चहा पिताना हे म्हणाले, "बाकी सगळं तो नीट करून गेला गं. एवढं एकच काम त्याचं अर्धं राहिलंय."

 मी उठले, डब्यामागून घड्याळ काढलं, पट्टा नाकाला लावला आणि ह्यांच्या हातात दिलं.

त्यानंतर दोन दिवस हे बाल्कनीचं दार लावून आत बसले. पॅकिंग चाललंय असं मी धरून चालले. ते जाताना मला बघायचंच नव्हतं, म्हणून मी तिकडे फिरकले नाही. पेटी बांधायच्या आधी ह्यांनी हाक मारली, एकदा बघून घेतेस का म्हणून. मी स्वयंपाकघरातूनच नको म्हटलं. कुरिअरवाला येऊन पेटी घेऊन गेला तेव्हाही मी मोरीत नळ सोडून उभी होते.

दोन-तीन आठवड्यांनी फोन आला. हे खाली औषधं आणायला गेले होते, मी घेतला. लिलाव कंपनीतला एक तरुण मुलगा होता. फार अदबीनं बोलत होता. आधी मुलगा गेल्याबद्दल हळहळला. मग चाचरत म्हणाला, की घड्याळ पोचलंय, पण फोटोतलं घड्याळ आणि हे घड्याळ एक राहिलेलं नाही. डायलवरचे ठिपके नव्यानं रंगवलेत, काच आणि कड घासून चकचकीत केलीय, पट्टाही नवा आहे. काम इतकं सुरेख झालंय की असा हात आजकाल बघायला मिळत नाही. पण लिलावात आता ते घेता येणार नाही, परत पाठवतोय.

मला आधी ऐकू आलं ते शेवटचंच. परत पाठवतोय. घड्याळ घरी येणार! मी त्या पोराला दोनदा थँक्यू म्हटलं, तो बिचारा गोंधळला असेल. फोन ठेवून मी खुर्चीत बसले आणि मग बाकीचं एकेक करून माझ्या डोक्यात शिरायला लागलं. रंगाचा थेंब. ओरखडा. खाचेतला मळ.

हे आल्यावर मी पहिल्यांदा पट्ट्याचं विचारलं. जुना पट्टा कुठे आहे? हे पिशवी खाली ठेवत म्हणाले, तो फार कुबट झाला होता, टाकून दिला, जयनगरहून नवा आणला. कुठे टाकला, मी विचारलं. सुक्या कचऱ्यात, म्हणाले.

सुक्या कचऱ्याची पिशवी मीच देते. गाडी येते, हिरवा कोट घातलेली अक्का खालून हाक मारते, मी जाऊन पिशवी हातात देते आणि दोन शब्द बोलून येते. त्या आठवड्यातही दिली होती. स्वल्प थांब म्हणून तिला केळीसुद्धा दिली होती.

मग माझा तोल गेला. मी ह्यांना नाही नाही ते बोलले. तो जिवंत असताना तुम्हाला हात लावू देत नव्हता, तो गेला आणि तुम्ही साधून घेतलंत, असंही बोलले. शेजारच्या घरातला टीव्ही बंद झाला. शेजारीण ऐकत असणार. ऐकू देत, असं मला झालं होतं. आता त्याच्या अंगाचं ह्या घरात काय उरलंय ते दाखवा मला, असं म्हणून मी रडायला लागले.

हे ऐकून घेत उभे राहिले. औषधांची पिशवी पुन्हा हातात घेतली होती, तिची गाठ सोडत होते आणि बांधत होते. म्हणाले, तो नको म्हणायचा ते आठवत होतं मला. पाठवायचं तसंच पाठवायचं म्हणून टेबलावर घेतलं, पण भिंगाखाली धरलं आणि हात थांबेना. 

"पोराला आंघोळ घालायला मिळाली नाही मला," हे म्हणाले. "घड्याळ तरी मळकं पाठवायचं नव्हतं."

ती बादली मला तेव्हा आठवली. मी त्या दिवशी ह्यांच्याकडे बघितलंही नव्हतं, माझं मलाच पुरे झालं होतं. दोन दिवस दार लावून हा माणूस आत काय करत होता ते मला आता कळलं, आणि माझा राग गेला. राग होता तेच बरं होतं. तो गेल्यावर धरायला काही राहिलं नाही.

घड्याळ परत आलं. पेटी मी उघडली. काळी कुळकुळीत डायल, पांढरे शुभ्र ठिपके, काचेत माझा चेहरा दिसत होता. कोणाही श्रीमंताच्या हातावर शोभलं असतं. मी पट्टा नाकाला लावला, नव्या चामड्याचा वास आला. कोपरा भिंगाखाली धरून पाहिला, थेंब नव्हता. खाच टाचणीनं खरवडून पाहिली, काहीही निघालं नाही. ह्यांच्या कामात कधी काही राहून जात नाही.

तरी सकाळी काटे भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवले आणि किल्ली दिली. ती द्यायचं मी कबूल केलं होतं.

रविवार आला. बाजारात अवरेकाळू आल्या होत्या, हे न सांगता घेऊन आले. आम्ही दोघांनी बसून सोलल्या. मी उसळ केली, तिघांपुरती झाली, ती आता कमी करता येत नाही. घड्याळ नेहमीप्रमाणे ओट्यावर ठेवलं होतं. भिंतीवर एक वाजला म्हणून मी ओट्याकडे पाहिलं. तिथेही एक वाजला होता.

ह्यांनी ते नुसतं धुऊन पुसून ठेवलं नव्हतं, दुरुस्तही केलं होतं. करणारच. आता ते मागे पडत नव्हतं. दोन्ही घड्याळांत एकच वेळ होती, आणि दार बंद होतं.

हे टेबलाशी बसले होते. त्यांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा ओट्याकडे. त्यांना कळलं. मान खाली घालून म्हणाले, "आत एक बारीक काटा असतो. तो जरासा सरकवला की रोज थोडं मागे पडेल. पूर्वीसारखं. करून देऊ का?"

ज्या माणसानं जन्मात चुकीची वस्तू हातून जाऊ दिली नाही तो हे विचारत होता. मला त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला. पण हात उसळीचे होते.

"नको," मी म्हटलं. "जेवून घ्या. तुमची गोळीची वेळ झाली."

मी फळीवरून ताटं काढली. दोनच काढली.